प्रदर्शनात काय पाहिलं?

शहाद्याच्या शेतकी प्रदर्शनात सगळ्यांत जास्त गर्दी कुठे असेल, तर ती शांतीलालच्या इंजिनापुढे. १९५८ सालची गोष्ट. पौषातली थंडी, पाच दिवसांचं प्रदर्शन, बियाण्यांच्या, खतांच्या, नांगरांच्या कनातींची रांग, आणि अगदी टोकाला कंपनीचं पाच हॉर्सपॉवरचं हिरवं इंजिन. शांतीलाल हँडल मारायचा, इंजिन दोन-तीन उचक्या देऊन सुरू व्हायचं, आणि शेजारच्या पत्र्याच्या हौदात पाण्याची दंडाएवढी धार कोसळायची. माणसं टाचा उंच करून बघायची. मग शांतीलाल भाषण करायचा. ते कंपनीनं छापून दिलेलं होतं, 'शेतकरी बंधूंनो' इथून सुरू होणारं, आणि अकरा वर्षांत त्याचा एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता.

शांतीलाल नंदुरबारचा. वय बेचाळीस. आई होती तोवर स्टेशनामागच्या खोलीला घर म्हणता येत होतं. ती गेली आणि खोली उरली. बहीण सरलाबाई सुरतेकडे दिलेली, तिची वर्षातून दोन पत्रं यायची. लग्नाचं म्हणाल तर मुलगी बघायचा दिवस ठरला की नेमकं कुठल्या तरी यात्रेचं, कुठल्या तरी प्रदर्शनाचं बोलावणं यायचं. पुढे बघायला जाणं थांबलं, मग कुणी विचारणंही थांबलं. दिवसभर पाचशे-सहाशे माणसांपुढे घसा कोरडा करायचा आणि संध्याकाळी खानावळीत 'वरण वाढा' एवढे दोन शब्द बोलून उठायचं, असं त्याचं चाललं होतं. आपण दिवसभर बोललो खरे, पण कुणाशी बोललो, हे त्याला आठवू म्हणता आठवत नसे.

त्या पाच दिवसांत इंजिनं विकली गेली दोन. धुळ्याच्या शाखेतल्या साहेबांनी त्याला बोलावून घेतलं.

"शांतीलाल, गर्दी तर तुमच्याकडे यात्रेसारखी होती म्हणे."

"होती साहेब."

"मग? लोक नुसतं बघून जातात. पुढल्या वर्षी शहाद्याला कनातच घ्यायची नाही, असं मी वर कळवतोय."

शांतीलालनं पिशवीतून एक वही काढली. प्रत्येक प्रदर्शनात कंपनी एक अभिप्रायाची वही ठेवायला सांगायची. लोक त्यात नाव, गाव लिहायचे, ज्यांना लिहिता येत नसे त्यांचं शांतीलाल लिहायचा. प्रदर्शन संपलं की ती वही शाखेच्या कपाटात जायची, आणि ती कुणी उघडून बघितल्याचं त्यानं पाहिलं नव्हतं.

"यात तीनशे बारा नावं आहेत," तो म्हणाला. "मी यांच्या घरी जाऊन विचारतो."

"काय विचारणार?"

"का घेतलं नाही ते."

साहेब हसले नाहीत, हे विशेष. उन्हाळ्यापर्यंत शांतीलालला तसंही काम नव्हतं. "होळीपर्यंत बघा," ते म्हणाले. "सायकल तुमची."

शांतीलालनं शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यात एक खोली घेतली आणि माघ महिन्यात फिरायला सुरुवात केली. पहिले आठ दिवस फुकट गेले. सायकल दारात लागली की लोक ओळखायचे, 'इंजिनवाला उना', आला म्हणून आत सांगायचे, पाणी द्यायचे. आणि त्यानं विचारलं, "का नाही घेतलं हो इंजिन?" की सगळ्यांचं उत्तर एकच. "लेसूत ना भाऊ. पुढला साल." घेऊ की, पुढल्या साली. दारात आलेल्या माणसाचं मन कशाला मोडा. एकानं तर तो दिसताच मागच्या दारानं मळ्याची वाट धरली. वहीत पंचेचाळीस नावांपुढे 'पुढला साल' असं लिहून झालं, तेव्हा शांतीलालला कळलं की आपण अजूनही कनातीतच उभे आहोत, फक्त कनात सायकलवर घेऊन हिंडतो आहोत.

कळसाडीत भाईदास नावाच्या शेतकऱ्याचं घर होतं. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचं असतं तसं, पुढे लांब ओटा, एका बाजूला कापसाची रास. भाईदास शेतात गेलेला. त्याची आई जसोदाबाई ओट्यावर तूर पाखडत बसली होती. तिनं सूप न थांबवता त्याच्याकडे पाहिलं.

"बठ. भाईदास वावरमा गयेल शे. येईच आते."

शांतीलाल बसला. बराच वेळ झाला, भाईदास येईना. त्या दिवशी तो दमला होता, वही काढायचीही इच्छा होईना. नुसतं बसवेना म्हणून त्यानं पुढ्यातल्या तुरीतले खडे वेचायला घेतले. म्हातारीनं सूप थोडं त्याच्याकडे सरकवलं.

"मग यात्रेसारखंच होतं म्हणा प्रदर्शन," तो त्यांच्या बोलीत म्हणाला, काहीतरी बोलायचं म्हणून. "तुम्ही काय पाहिलं तिथं?"

आणि जसोदाबाई बोलायला लागली. तिनं केवढाले भोपळे पाहिले, दोन माणसांना न उचलणारे. कुठल्याशा सरकारी फार्मचा वळू पाहिला, त्याचे डोळे तिला आवडले नाहीत. इंजिनही पाहिलं, पण लांबून. बाया जवळ कशा जाणार, बाप्यांची ही भिंत.

"नि भाईदास तं तीनदाव उना तुन्हाकडे," ती म्हणाली. "तीनदाव. मांगे उभा ऱ्हायना नि परत उना."

शांतीलालचा हात तुरीत थांबला. तीन वेळा आलेला माणूस त्याला आठवत नव्हता. "काबरं?"

"त्याले इचारानं व्हतं, ते बंद कसं करतस. चालू करानं तू समदासले दखाडस. बंद करानं कोनी दखाडं नही. आनि एवढा लोकमा कसा इचारी तो? गावना लोक हसतीन."

शांतीलालनं अकरा वर्षांचं आठवून पाहिलं. खरंच, तो इंजिन सुरू करताना घंटा वाजवून माणसं गोळा करायचा. बंद करायची वेळ यायची ती गर्दी पांगल्यावर. दांडी दाबली की इंजिन मुकाट थांबायचं, आणि ते बघायला कुणी नसायचं.

"आनखी एक सांगू?" म्हातारी म्हणाली. "आठे तू मानूसमायक बोलस. तठे साहेबमायक बोलस. आम्हले काय समजी?" इथं माणसासारखा, तिथं साहेबासारखा.

तेवढ्यात आतून तिची सून रंजनाबाई चहा घेऊन आली. कप ठेवून ती दाराशी घुटमळली. सासूनं "इचार ना" म्हटल्यावर तिनं पदर सावरत विचारलं, "इंजिन उनं म्हंजे बैलं इकी टाकतीन का?" मोटेची जोडी तिच्या माहेरून आलेली होती. प्रदर्शनापासून इंजिनाची गोष्ट निघाली की ती घरात स्वयंपाक धड करत नव्हती, असं म्हातारीनं हसत सांगितलं. रंजनाबाई हसली नाही.

"बैलं नांगराला लागतातच," शांतीलाल म्हणाला. "मोटेचं काम तेवढं सुटेल. त्यांचे खांदे बरे होतील उलट."

ती आत गेली. थोड्या वेळानं आतून भाकरी थापल्याचा आवाज आला, आणि जसोदाबाई म्हणाली, "आते जेवीसनच जाशी."

त्या दिवसापासून त्यानं प्रश्न बदलला. 'का घेतलं नाही' हे विचारायचंच नाही. दारात बसायचं, हाताला जे काम मिळेल ते करायचं, आणि विचारायचं, प्रदर्शनात काय पाहिलं? आणि माणसं सांगायची. आधी भोपळा, वळू, भज्यांचं दुकान, हरवलेली चप्पल, आणि मग कधीतरी इंजिन. एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "हौदनं पानी हौदमा. त्यानामा काय देखानं? मन्ही इहीर अठरा हात खोल शे, तठून काढी का तुन्हं इंजिन?" हौदातलं पाणी उपसून त्याच हौदात सोडायचं, यात कुणाला काही खोट दिसेल असं शांतीलालला कधी वाटलंच नव्हतं. दुसरा म्हणाला, इंजिनापेक्षा त्याच्या मालकाला बघायचं होतं, ज्याच्या शेतात ते चालतंय अशा एखाद्या माणसाला. आणि सात-आठ गावांत एकच गोष्ट वेगवेगळ्या तोंडून आली. तुझी कनात पाच दिवस राहते. सहाव्या दिवशी इंजिन बंद पडलं तर तुला कुठे शोधायचं?

हे सगळं तो संध्याकाळी खोलीवर येऊन वहीत लिहायचा, बोलणाऱ्याच्याच शब्दांत.

पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत त्याला वहीचं तेवढं राहिलं नव्हतं. सकाळी सायकलवर टांग टाकताना आज कुणाच्या ओट्यावर बसायचं, हा विचार त्याला गोड वाटायचा. कुणी 'ये भाऊ' म्हणायचं, कुणी गाजरं द्यायचं, एका घरी तर घरच्या आजाऱ्याची खबर कळवणारं पत्र त्याच्याकडून लिहून घेतलं. कळसाडीची नावं केव्हाच विचारून झाली होती, तरी आठवड्यातून एकदा त्याची सायकल तिकडे वळायचीच. कधी म्हणायचा, एक गोष्ट विचारायची राहिली. कधी काहीच म्हणायचा नाही. भाईदास मोकळा माणूस होता. त्याला शांतीलालनं जमिनीवर काडीनं चित्र काढून इंजिन कसं थांबतं ते समजावून सांगितलं. जसोदाबाईनं एकदा त्याला नाव विचारलं, आणि तेव्हापासून ती त्याला शांती म्हणू लागली. आई गेल्यावर त्याला असं कुणी हाक मारलं नव्हतं. लोणखेड्याच्या खोलीत पडल्या पडल्या तो कधी कधी उद्याचं बोलणं मनात जुळवून ठेवायचा, की म्हातारीला हे सांगायचं, ते सांगायचं.

होळीला त्यानं अकरा पानांचा अहवाल लिहून धुळ्याला नेला. शेवटच्या पानावर त्यानं लिहिलं होतं की शहाद्यात कंपनीचा एक माणूस कायम राहायला हवा. तो कोण, हे त्यानं लिहिलं नव्हतं. पण ते वाक्य लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे लोणखेड्याची ती खोली होती, आणि तिला एक चूल मांडायची जागा होती.

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. चष्मा काढून म्हणाले, "इतकी वर्षं आपण हे करत होतो?"

"मीच करत होतो साहेब," शांतीलाल म्हणाला.

पुढल्या पौषात प्रदर्शन भरलं तेव्हा कंपनीनं कनात अगदी लहान घेतली. इंजिन कनातीत नव्हतंच. मैदानाच्या अलीकडे, लोणखेड्याच्या वाटेवरल्या एका मळ्यात खरी विहीर होती, तिथे ते बसवलं. पंप विहिरीत खाली, फळ्यांच्या माचीवर. भाषणाला शांतीलाल उभा राहिला नाही. आदल्या वर्षी जी दोन इंजिनं विकली गेली होती त्यांतलं एक लोटन नावाच्या शेतकऱ्यानं घेतलं होतं. शांतीलालनं त्यालाच गळ घालून आणलं. लोटन इंजिन सुरू करायचा, बंद करायचा, पुन्हा सुरू करायचा, आणि मग म्हणायचा, "आते तू कर." ज्याला वाटेल त्यानं हँडल मारावं. सकाळचे दोन तास फक्त बायांसाठी ठेवले होते. पहिल्या दिवशी चारच आल्या, तिसऱ्या दिवशी मळ्याच्या बांधावर जागा उरली नाही.

साहेब स्वतः बघायला आले होते. लोटन लोकांना सांगत होता, "मन्हं दोनदाव बंद पडनं. एकदाव डिझेलमा कचरा, एकदाव मन्हीच चूक. चार दिन पानी नही भेटनं." साहेबांनी शांतीलालला बाजूला घेतलं. "अहो, हा तर इंजिन बंद पडल्याचं सांगतोय."

"सांगू द्या साहेब. ते ऐकायलाच थांबलेत."

आणि तसंच झालं. लोटन बिघाडाचं सांगायला लागला की पांगणारी माणसं परत गोळा व्हायची. मग विचारायची, तू काय केलंस? कुणी दुरुस्त केलं? पाच दिवसांत एकोणीस इंजिनं नोंदवली गेली. आठ-दहा जण सातपुड्यातल्या मोलगीकडून पायी उतरून आले होते. त्यांनी नोंदवलं काही नाही, पण दोन दिवस विहिरीच्या काठावर बसून त्यांनी ते यंत्र डोळ्यांत साठवून घेतलं.

शांतीलाल त्या लहान कनातीत टेबलापाशी वही घेऊन बसला होता. गर्दीचा आवाज मळ्यातून यायचा. कनातीत सहसा कुणी यायचं नाही, यायचं कारणच नव्हतं, सगळं तिकडेच होतं. तिसऱ्या दिवशी त्याला भाईदास दिसला, चार भाऊबंदांबरोबर. भाईदासनं लांबून हात वर केला. शांतीलाल उठून उभा राहिला. पण भाऊबंद त्याला विहिरीकडे ओढत होते, आणि तो गेला. संध्याकाळी नोंदीत त्याचं नाव होतं, लोटननं सांगितलेलं. परतताना तो दुसऱ्या वाटेनं गेला असावा. शांतीलाल कनातीबाहेर उभा राहून अंधार पडेपर्यंत गाड्या जाताना बघत होता. त्याला वाईट वाटण्यासारखं काही घडलं नव्हतं. त्यानं जे जे सांगितलं होतं ते सगळं बरोबर निघालं होतं.

प्रदर्शन उठल्यावर साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुमचं सगळं मान्य झालंय वरून. शहाद्यात कायम माणूस नेमतोय आपण."

शांतीलालनं मान खाली घातली. त्याला वाटलं, आता नाव येईल.

"दलसिंग म्हणून आहे, आपल्या वर्कशॉपात शिकलेला. हाताला चांगला आहे. लोणखेड्यात तुम्ही राहत होता ती खोली त्याला मिळेल का, बघा जरा."

"मिळेल," शांतीलाल म्हणाला.

"आणि तुम्हाला बढती. नवापूर, मग साक्री, मग पुढे. जिथे जिथे आपली कनात लागते तिथे तिथे हेच करायचं. दोन महिने राहायचं, विचारायचं, अहवाल द्यायचा. लोकांना बोलतं करणारा तुमच्यासारखा माणूस दुसरा नाही आपल्याकडे."

साहेब मनापासून बोलत होते. नाही म्हणायला शांतीलालकडे कारण नव्हतं. बिघडलेलं इंजिन उघडून दुरुस्त करणं त्याला येत नव्हतं, आणि लोकांना हवा होता तो दुरुस्ती करणारा. हे त्यानंच तर लिहून दिलं होतं. त्यानं खोलीच्या मालकाशी बोलणं केलं, दलसिंगला किल्ली दिली, पाणी कुठून भरायचं ते दाखवलं.

निघायच्या आदल्या दिवशी तो कळसाडीला गेला. घराला कडी होती. ओट्यावर सूप पालथं घातलेलं. शेजारणीनं सांगितलं, सगळी मळ्यात आहेत, आज इंजिन बसलं. तो सायकल ढकलत बांधानं गेला. विहिरीपाशी दलसिंग कपडे माखून उभा होता, नारळ फुटलेला होता, इंजिनाच्या चाकाला कुंकवाची बोटं होती. इंजिन चालू होतं. पाटात पाणी पळत होतं आणि भाईदास फावडं घेऊन त्याच्यापुढे धावल्यासारखा चालत होता. लांब चिंचेखाली बैलांची जोडी बांधलेली होती, आणि रंजनाबाई त्यांच्यापुढे कडबा टाकत होती.

जसोदाबाई त्याला बघून आली. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. तिनं त्याचा हात धरला आणि त्याच्याकडे बघून काहीतरी म्हटलं. त्यानं कान पुढे केला. तिनं पुन्हा म्हटलं. शांतीलालला वाटलं, दलसिंगला सांगावं, घटकाभर बंद कर. पण पहिलंच पाणी होतं. सगळं घर त्या पाण्याकडे बघत होतं. म्हातारीचे ओठ हलले तेवढे त्याला दिसले, आणि त्यानं जोरात मान हलवून हो म्हटलं. मग त्यानंही सांगितलं, "मी नवापूरला चाललो, आई." तिनं हसून मान हलवली. तिलाही ऐकू गेलं नसावं.

तो थोडा वेळ थांबला, प्रसादाचं खोबरं खाल्लं आणि निघाला. गाव मागे पडलं, इंजिनाचा आवाजही बारीक झाला, तेव्हा त्याच्या मनात आलं, ती काय म्हणाली असेल? 'कव्हय येशी', कधी येशील, म्हणाली असेल, की 'जेवीसन जा'? पहिलं असेल तर त्याच्या होकाराला अर्थ नव्हता. दुसरं असेल तर ती आज ताट वाढून वाट बघेल. त्यानं सायकलवरून उतरून मागे पाहिलं. ऊन कलत आलं होतं आणि त्याला खोलीतलं सामान बांधायचं होतं. थोडा वेळ तो तसाच रस्त्याच्या कडेला हँडल धरून उभा राहिला, आणि मग शहाद्याच्या दिशेनं निघाला.

नवापूरच्या डोंगरातली गावं वेगळी. घरं एकमेकांपासून लांब, मध्ये भाताची खाचरं, आणि घरात बोलायची बोली कोकणा आदिवासींची कोकणी, ती शांतीलालला येत नव्हती. तिथल्या वहीतलं पहिलं नाव अब्राहामचं होतं. तो मिशनच्या शाळेत शिकलेला, मराठी बोलायचा. अंगणात तो बांबूच्या कामट्या काढत बसला होता. शांतीलाल समोर बसला, एक कामटी उचलून तासायला घेतली, आणि म्हणाला, "प्रदर्शनात काय पाहिलंत?"

अब्राहामला बोलतं व्हायला वेळ लागला नाही. त्याची बायको रेवाबाई दारातून मध्येच काहीतरी म्हणायची, दोघं आपसांत हसायची, आणि अब्राहाम तेवढं सोडून बाकीचं मराठीत सांगायचा. दुपार टळली. शांतीलाल वही पिशवीत ठेवून उठला, तेव्हा रेवाबाईनं नवऱ्याला काहीतरी विचारायला लावलं.

"ती विचारते," अब्राहाम म्हणाला, "तुम्ही परत येणार का?"

येईन, असं म्हणणं सोपं होतं. कळसाडीत तो दर वेळी तसंच म्हणायचा.

"मी नाही," शांतीलाल म्हणाला. "दुसरा कोणी येईल. तो इथंच राहील."

अब्राहामनं ते बायकोला सांगितलं. ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. शांतीलाल उभ्या उभ्या पाणी प्यायला, त्यानं तांब्या खाली ठेवला आणि वहीतलं दुसरं नाव काढून पुढचं घर कुठलं ते विचारलं.